नापाससाहेबांची बुचं

भाऊजी,

तुमच्यावर चार पानं लिहायला घेतली आहेत. रागावू नका असं म्हणणार नाही. गेल्या वर्षी मी तुमच्यावर जितकी चिडले, त्याच्या निम्मे तरी चिडा, म्हणजे फिटंफाट होईल. तुम्ही वाईट माणूस आहात असं यात कुठेही लिहिलेलं नाही, शोधूनही सापडणार नाही. तुम्ही सज्जन आहात. दुसऱ्याच्या मोरीतला नळ गळताना दिसला तर हातातला घास ताटात ठेवून उठणारे आहात. पण अशा माणसाच्या हाती बाटलीचं बूच निवडायचं काम द्यायची बुद्धी मला कुठून झाली, ते अजून कळलेलं नाही. पुढचं सगळं मी परक्यासारखं सांगणार आहे. 'मी, मी' करत सांगितलं की माणूस आपल्याच पारड्यात वजन टाकतो. तेव्हा इथून पुढे वहिनी म्हणजे वहिनी आणि भाऊजी म्हणजे भाऊजी.

तर, भाऊजींनी उभी नोकरी औषधांच्या कारखान्यात काढली. खोकल्याचं औषध बाटल्यांत भरलं जायचं, त्या विभागात झाकणं तपासायची हे त्यांचं काम. भरलेल्या मालातून काही बाटल्या नमुना म्हणून उचलायच्या, टीपकागदावर उलट्या उभ्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी कागदावर डाग उठलाय का ते पाहायचं. डाग दिसला की माल नापास. मग वरचे साहेब येऊन डोकं आपटोत, गाडी दारात उभी राहून चालक शिव्या देवो, भाऊजी हलायचे नाहीत. कामगारांनी त्यांचं नाव नापाससाहेब ठेवलं होतं. ते नाव कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलं आणि थेट घरापर्यंत आलं. त्यांची बायको, म्हणजे धाकटी, चारचौघांत सांगायची, "लग्न ठरवताना मला टीपकागदावर उलटी उभी केली नाही, एवढं नशीब काढलं मी!"

भाऊजी हसायचे. त्यांना यात टोमणा आहे हे कळायचं, पण त्यात सुधारण्यासारखं काही आहे हे कळायचं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, पेपर वाचतात. भाऊजी झाकणं तपासत राहिले. शेजारणीच्या बरणीचा आटा, दवाखान्यातली पाण्याची टाकी, स्वतःच्या डोळ्यांच्या औषधाची एवढीशी कुपी. कुणाकडे गेले की आधी सांडणाऱ्या वस्तू शोधायचे. वहिनींच्या घरी एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी चहाचा थर्मास उलटा करून धरला होता. थर्मास पास झाला. वहिनींचा पारा मात्र तेव्हापासून चढलेलाच.

आता वाइनचं. वहिनींच्या घरामागे छोटं अंगण होतं आणि त्यात लोखंडी नळ्यांच्या मांडवावर द्राक्षाचा वेल. थोरल्यांनी, म्हणजे भाऊजींच्या भावाने, तो नोकरीला लागल्या वर्षी लावलेला. द्राक्षं काळी, जाड सालीची, खायला आंबट. पण वाइन अशी व्हायची की थोरल्यांसारखा मुखदुर्बळ माणूससुद्धा दुसऱ्या पेल्यानंतर विनोद सांगायचा. दरवर्षी दोघं भाऊ द्राक्षं चुरडायचे, काचेच्या दोन पोटाळ बुधल्यांत रस भरायचे, तोंडाला आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी लावायचे आणि बुधले भाऊजींच्या मागच्या खोलीत ठेवायचे, कारण ती थंड. थंडीच्या दिवसांत जग भरून आणायचा आणि प्यायची. वसंत येईपर्यंत बुधले कोरडे. बाटलीत भरायची वेळ कधी आलीच नाही, म्हणून बुचाचा प्रश्नही कधी आला नाही. आला असता तर आधीच कळलं असतं!

गेल्या वर्षी थोरल्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. राहायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, जिना उभा. लेक म्हणाली, माझ्याकडे या, तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्याच आहेत. घर विकलं. घेणाऱ्याला अंगणात गाडी उभी करायची होती, तेव्हा वेल जाणार हे ठरलेलंच. थोरल्यांनी यातल्या कशालाही हरकत घेतली नाही. त्यांनी आयुष्यात कशालाच हरकत घेतलेली नाही. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "यंदाची वाइन तेवढी बरोबर नेऊ. तिकडे रोज घोटभर घेईन. वर्षभर पुरेल."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण थोरल्यांनी वहिनींकडे कधी काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं. साधा चहासुद्धा ते मागत नाहीत, नुसते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. त्यामुळे हे मागणं वहिनींनी पदराला गाठ मारून घेतलं. सामान नेणारा ट्रक यायच्या आत वाइन बाटल्यांत बंद व्हायला हवी होती. बुधले ट्रकातून न्यायचे म्हणजे पाळण्यात सुतळी बॉम्ब ठेवायचा. आणि बाटल्या बंद करायच्या म्हटल्यावर घरात एकच माणूस होता, ज्याने जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं.

"भाऊजी, झाकणं तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या.

"माझ्याकडेच," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की वहिनींना वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

दोघं बाटल्यांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे अरुंद बोळकांडं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत बाटल्या, आणि खाली डब्यांत, पोत्यांत झाकणं. वहिनींचा हिशोब साधा होता. बाटल्या घ्यायच्या, बुचं घ्यायची, बुचं दाबायचं यंत्र दुकानदार भाड्याने देतो ते घ्यायचं, जेवायला घरी.

भाऊजींनी पोत्यात हात घातला आणि एक बूच काढून उजेडाकडे धरलं. मग दुसरं. मग दाबून पाहिलं, वास घेतला, नखाने टोकरलं.

"हे कुठल्या झाडाचं?"

"बुचाच्याच झाडाचं," दुकानदार म्हणाला.

"साल किती वर्षांची?"

"साहेब, मला माझ्या मेव्हण्याचं वय माहीत नाही."

"यात छिद्र आहे."

"छिद्र असतंच. लाकूड आहे ते."

"छिद्र आहे म्हणजे गळणार."

दुकानदाराने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे पाहिलं. भाऊजी पोत्यातलं बूच नि बूच चाळत राहिले, तेव्हा दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, बूच घ्यायला आलात, जावई नाही. एवढी चौकशी तर मुलीकडचे पण करत नाहीत!"

"जावई गळला तरी चालतो," भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

वहिनींना हसू आलं, आणि तिथेच त्यांचं चुकलं. हसलं की भाऊजींना चेव येतो. त्यांनी सगळ्या जातीची झाकणं थोडी थोडी घेतली: आखूड बुचं, लांब बुचं, डोक्यावर टोपी असलेली हाताने बसवायची बुचं, प्लॅस्टिकची बुचं, आट्याची पत्र्याची झाकणं आणि तारेची कडी असलेली चिनी मातीची झाकणं, ज्यांना खाली रबराची चकती असते. प्रत्येकाच्या मापाच्या बाटल्याही घेतल्या. एक यंत्र भाड्याने घेतलं.

"सगळे प्रकार कशाला?" वहिनींनी विचारलं.

"तुलना नको का करायला?"

"अहो, वाइन एक, बाटली एक, तोंड एक. बूच लावा आणि मोकळे व्हा!"

"वहिनी, घाई तिथे गळती."

हे वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं म्हणे. त्या भिंतीला वहिनींनी मनातल्या मनात काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

पुढचे काही आठवडे वहिनींनी घर आवरलं. एका हाताने जुनी भांडी वाटायची, दुसऱ्या हाताने फोन. "झालं का?" "होतंय." "कुठपर्यंत आलंय?" "आखूड बूच नापास." दोन दिवसांनी पुन्हा तेच. आट्याचं झाकण नापास, कारण बाटलीच्या गळ्यावरचा आटा आणि झाकणाचा आटा चुलत भाऊ निघाले, सख्खे नाहीत. तारेच्या कडीचं नापास, कारण रबराचा वास. टोपीवाली बुचं परीक्षेसाठी उन्हात ठेवली तशी आपोआप वर आली, धाकटी म्हणाली, "मला वाटलं उंदीर शिरला, बघते तर बुचं उड्या मारतायत." प्लॅस्टिकचं बूच गळलं नाही, थेंबभरही नाही, पण ते निघेचना. धाकटीने जमिनीवर बसून बाटली दोन पायांत धरली, भाऊजींनी वरून ओढलं, आणि शेवटी बूच जिथल्या तिथे राहून दोघंच दोन दिशांना गेली.

"मग तेच लावा ना!" वहिनी फोनवर ओरडल्या. "गळत नाही ना? मग झालं!"

"निघायला पण हवं ना, वहिनी."

"ते आम्ही बघू. दाताने काढू!"

"झाकणाची दोन कामं असतात," भाऊजी शांतपणे सांगायला लागले, आणि वहिनींनी फोन थोरल्यांच्या हातात दिला. थोरले पाऊण तास "हं, हं" करत होते.

वहिनींनी कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं. भाऊजींशी बोलताना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. जो माणूस चुकीचं काहीच बोलत नाही, त्याला खोडून कसं काढणार? बुचात छिद्र होतंच. रबराला वास होताच. प्रत्येक गोष्टीत ते बरोबर होते आणि काम मात्र इंचभर पुढे सरकत नव्हतं. नातेवाइकांतल्या एका भाबड्या बाईने नंतर वहिनींना समजावलं की, त्यांना भावाने जाऊ नये असं वाटत असेल, म्हणून ते वेळ काढत असतील. वहिनींनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं. काही नाही तसलं. भाऊजी स्वतःच्या लग्नालाही असेच उशिरा पोचले होते. वाटेत कुणाच्या तरी स्कूटरची टाकी ठिबकत होती.

ट्रक यायला थोडेच दिवस उरले तेव्हा वहिनी थोरल्यांना घेऊन स्वतःच भाऊजींकडे गेल्या. आज कुठलंही झाकण लावायचं, अगदी मेणाचा गोळा लावायचा, पण वाइन बंद करूनच उठायचं असं ठरवून. थोरल्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवलं आणि त्या मागच्या खोलीकडे वळल्या.

मोरीपाशी भाऊजी उभे होते. हातात भरलेली बाटली. त्यांनी तिचं बूच काढलं, वास घेतला, चमचाभर जिभेवर ठेवली, मान डोलावली आणि उरलेली सगळी वाइन मोरीत ओतली. तांबडी धार भोकातून खाली गेली. त्यांनी दुसरी बाटली उचलली.

"भाऊजी!"

"आलात? या, या. लांब बूच पहिल्या परीक्षेत पास आहे, वहिनी!" त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"तुम्ही वाइन ओतताय!"

"पाहून झालेला नमुना आहे हा."

"पाहून झाला तर परत बुधल्यात घाला!"

"उघडलेला नमुना परत मालात जात नाही," भाऊजी म्हणाले. त्यांनी हे अशा स्वरात सांगितलं, जसं आपण मुलाला सांगतो की विस्तवाला हात लावायचा नाही.

वहिनींनी खोलीभर नजर टाकली. भिंतीकडेला रिकाम्या बाटल्यांची रांग, सगळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या. टीपकागदांची चळत. एक बुधला कोरडा ठणठणीत. दुसरा निम्म्याच्या खाली.

"या सगळ्या बाटल्यांत काय होतं?"

"नमुने."

"साधं पाणी घालून नाही तपासता आलं?"

"पाण्याची परीक्षा वाइनला कशी लागू होईल? प्रत्येक जातीच्या अर्धा डझन, दोन फेऱ्या. हा कमीत कमी आकडा आहे, वहिनी. कारखान्यात याहून जास्त काढायचो."

"कारखान्यात माल किती असायचा?"

"दिवसाला दहा हजार बाटल्या," भाऊजी म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी कोरड्या बुधल्याकडे पाहिलं. तो त्यांना पहिल्यांदाच दिसत असावा.

नमनाला घडाभर तेल ही म्हण वहिनी लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. ते तेल डोळ्यांदेखत मोरीतून वाहताना मात्र त्या दिवशीच पाहिलं.

धाकटी आवाज ऐकून आली. तिने कमरेवर हात ठेवले. "मी सांगत होते यांना. म्हटलं, आख्खा वेल तुम्ही गटाराला पाजलात. तर म्हणतात, तुला प्रक्रिया समजत नाही."

"उरलेली भरा," वहिनी म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर. लांब बूच पास आहे ना? मग लांब बूच."

भाऊजींनी निमूटपणे दुसऱ्या बुधल्याचं तोंड उघडलं. वास त्यांच्याआधी वहिनींना आला. निम्मा बुधला आठवडेच्या आठवडे रिकामा, रोज उघडझाक, रोज आत नवी हवा. तरी वहिनींनी पेलाभर काढून थोरल्यांना नेऊन दिली. वाटलं, आपलंच नाक चुकत असेल. थोरल्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं नाही, काही नाही. पेला खुर्चीच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "काचा पुसायला चांगलं असतं व्हिनेगर."

एवढंच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर वहिनींना सोपं गेलं असतं.

भाऊजींनी त्या पेल्यातलं बोटभर चाटून पाहिलं. मग बुधल्याला वरून खालपर्यंत हात फिरवला, काच ठोकली, नळी काढून पाहिली. "गळती नाही," ते पुटपुटले. "कुठेच गळती नाही."

"भोक तुम्हीच होतात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. हे त्या बोलल्या त्याचा त्यांना आजही पश्चात्ताप नाही. खरं होतं ते.

तेवढ्यात धाकटीने कपाटाच्या खालच्या फळीकडे बोट केलं. तिथे बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. मोजून सहा. लांब बुचांची दुसरी फेरी.

"ह्या?" वहिनींनी विचारलं.

"त्या नमुन्याच्या आहेत," भाऊजी म्हणाले.

"वाइनच आहे ना आत?"

"पहिल्या बुधल्यातली. चांगली असताना काढलेली."

"द्या."

"देता येणार नाही, वहिनी. नमुना बाहेर जात नाही. आणि मुदत संपलेली नाही. अजून दोन महिने आडवी ठेवायची, मग—"

"मग काय, ओतून टाकणार?"

नियमाप्रमाणे उत्तर 'हो' असंच होतं, आणि खोटं बोलायची भाऊजींना सवय नाही. ते फळीसमोर असे उभे राहिले जसे कारखान्यात गाडीचालकासमोर उभे राहत असतील. वहिनी पुढे सरकल्या. सत्तरीच्या दोन माणसांत बाटल्यांवरून झोंबाझोंबी व्हायची तेवढी बाकी होती.

"अरे," थोरले खुर्चीतून म्हणाले.

"काय, दादा?"

"मुदत संपलेली नाही म्हणतोस?"

"नाही ना. दोन महिने आहेत."

"माझीही नाही संपलेली अजून. तोवर देऊन टाक."

भाऊजी बाजूला झाले. अंगातली हवा काढून घेतल्यासारखे. धाकटीने एकेक बाटली उचलून भाऊजींच्याच जुन्या बनियनांत गुंडाळली आणि पिशवीत भरली. वर्षभराची वाइन एका पिशवीत मावली.

ट्रक आला त्या सकाळी भाऊजी लवकरच हजर होते. सामान चढताना त्यांनी पिशवी तीनदा जागेवरून हलवली. उन्हाच्या बाजूला नको, इंजिनाच्या बाजूला नको, आडवीच राहू दे. वहिनींनी दातांवर दात रोवले. थोरले पुढे चालकाशेजारी बसले आणि दोघा भावांनी खिडकीतून हात हातात घेतले. तो सोडून भाऊजी मागे वहिनींकडे आले.

"वहिनी, एक काम आहे."

"आता काय?"

"बाटल्या उघडाल तेव्हा बुचं फेकू नका. आतल्या टोकाकडून वाइन कुठवर चढली आहे ते बघायचंय मला. धुऊ नका, नुसती कागदात गुंडाळा आणि पाठवा. सहाच्या सहा. तेवढं कराल?"

ट्रक सुरू झाला होता. वहिनी "हो, हो" म्हणाल्या.

पहिली बाटली लेकीच्या घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात उघडली. खऱ्या जावयाने उघडली आणि बुचाचा भुगा केला. वाइन उत्तम होती. थोरल्यांनी विनोद सांगितला, जुनाच. दुसरी त्यांनी घोट घोट करत पुरवली. तिसरीचं बूच लेकीने केराच्या डब्यात टाकलं आणि वहिनींनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसरीचं, चौथीचं, पाचवीचं आणि सहावीचं बूच स्वयंपाकघरातल्या खणात होतं. कोरडं, घट्ट, टोकाला नखाएवढा तांबडा डाग. एवढं चांगलं बूच कुणी पाहिलं नसेल.

भाऊजींचा दर रविवारी फोन येतो. थोरल्यांची तब्येत, धाकटीचा खोकला, आणि शेवटी, "बुचं?" वहिनी म्हणतात, पाठवते. गेले काही रविवार त्यांनी विचारलेलं नाही. कुरिअरवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच आहे. वहिनी भाजी आणायला रोज त्याच्या दारावरून जातात. पण पाठवली, तर भाऊजी भिंग घेऊन बसणार, कुठेतरी केसाएवढी रेघ काढणार आणि फोनवर सांगणार, नापास. थोरल्यांनी मजेत प्यायलेली वाइन अशी मागाहून नापास करून घ्यायची वहिनींची तयारी नाही. बुचं अजून खणातच आहेत.